अकराच्या सुमाराची रेघ

१

आमची बदली कुठेही झाली तरी घर एकाच पद्धतीने लावायचं, असा उमाकांतचा हुकूम आहे. उमाकांत म्हणजे माझे यजमान, विमा कंपनीत अधिकारी. दर तीन-चार वर्षांनी खोकी भरतात, ट्रक येतो, गाव बदलतं. पण नव्या घरातही दारातून आत आलं की डाव्या हाताला दिवाण, मग जेवणाचं टेबल, टेबलाला वळसा घातला की पुस्तकांचं कपाट, आणि कपाटापुढे त्यांची वेताची आरामखुर्ची. भुसावळला हेच, भोपाळला हेच आणि आता जयपूरला, सोडाल्यातल्या या दुसऱ्या मजल्यावरच्या घरातही हेच. मी एकदा म्हटलं होतं, दिवाण खिडकीखाली छान दिसेल. तर म्हणाले, "छान दिसण्यापेक्षा जिथल्या तिथे असणं महत्त्वाचं." दिवाण जिथल्या तिथे राहिला.

फरक एवढाच, की भोपाळला आरामखुर्चीच्या पलीकडे मागचं दार होतं आणि दाराबाहेर फरशीचं अंगण. इथे नेमक्या त्याच जागी गॅलरीचं दार आहे. घरमालक खंडेलवालजींनी गॅलरीचा जुना लोखंडी कठडा काढून टाकला होता, कारण तिथे दगडी जाळी बसवायची होती. जाळी दिवाळीपासून कारागिराकडे पडून होती. विचारलं की म्हणायचे, "बस, इसी हफ्ते, भाभीजी." तोवर तिथे कठड्याच्या जागी एक दोरी बांधलेली होती.

मी घरी बसून टायपिंग करते. परदेशातले डॉक्टर पेशंटची माहिती बोलून रेकॉर्ड करतात, ती मी हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करून पाठवायची. फाइल दुपारच्या आत गेली नाही तर पुढचं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळतं. दोन हजार आठ साल होतं ते. या कामासाठी घरात इंटरनेट घेतलं, इंटरनेटसाठी राउटर घेतला आणि राउटरपायी पुढचं सगळं.

२

सकाळी अकराच्या सुमाराला इंटरनेट मान टाकायचं. थोडा वेळ मेल्यासारखं पडायचं आणि मग आपोआप सुरू व्हायचं. कनेक्शनवाला आला, वायर ओढून बघितली आणि म्हणाला, "मैडम, लाइन एकदम ओके है. राउटर में गड़बड़ है." राउटर घेऊन दुकानात गेले तर दुकानदार म्हणाला, "राउटर तो बढ़िया है, लाइन चेक करवाइए." दोघांनी मला चेंडूसारखं टोलवलं, तेव्हा मी ठरवलं की आता हे प्रकरण आपणच तडीला न्यायचं. माझा स्वभावच तसा आहे. कुकरची शिट्टी का होत नाही हे कळेपर्यंत मला भात खाववत नाही.

माझा भाचा निनाद पुण्याला कॉम्प्युटरमध्येच आहे. त्याने फोनवर सांगितलं, "मावशी, कंपनीचं फर्मवेअर भंगार असतं. ते काढून दुसरं टाकू."

"फर्मवेअर म्हणजे?"

"राउटरचं डोकं समज. पण डोकं बदलताना मध्येच लाईट गेली तर राउटरचा नुसता डबा उरेल, कायमचा."

जयपूरच्या लाईटचा भरवसा नव्हता, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घेतला आणि फोन कानाला लावून तो सांगेल तिथे क्लिक करत गेले. पट्टी पुढे सरकत होती तोवर मी देवाचं नाव घेत होते. पट्टी भरली, दिवे विझले, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा लुकलुकले. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी शिरा केला.

नव्या फर्मवेअरमध्ये एक पान होतं. काळ्या चौकोनात एक हिरवी रेघ सरकत असे. राउटर आणि माझा लॅपटॉप एकमेकांना किती नीट ऐकू येतात ते ती रेघ दाखवायची, अख्ख्या दिवसाचं. दुसऱ्या दिवशी अकराला मी त्या रेघेवर नजर ठेवून बसले. रेघ सरळ चालली होती. एकदम खाली गेली, जराशी तिथेच थांबली आणि पुन्हा वर आली.

निनादला सांगितलं. तो सहज म्हणाला, "मध्ये कोणीतरी उभं राहत असेल. माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. सिग्नल अडतो."

"निनाद, अकराला घरात मी एकटी असते. आणि मी खुर्चीत बसलेली असते."

"मग शेजारच्यांचा मायक्रोवेव्ह बघ," तो म्हणाला.

३

खाली जाऊन खंडेलवाल भाभींना विचारलं, तुम्ही अकराला मायक्रोवेव्ह लावता का? त्या हसत म्हणाल्या, "अरे नहीं, हम तो उसमें रोटियां रखते हैं." राउटरचा चॅनल बदलला. कॉर्डलेस फोन काढून साधा लावला. अँटेना उभी केली, आडवी केली. रेघेला काही फरक पडला नाही.

मग मी स्वतःच मध्ये जाऊन उभी राहिले. राउटर दाराजवळ, टेलिफोनच्या स्टुलावर. लॅपटॉप स्वयंपाकघराच्या दारापाशी, शिलाई मशीनच्या फळीवर. दोघांच्या मध्ये मी. परत येऊन बघितलं तर रेघेत खड्डा. अगदी अकराच्या खड्ड्यासारखा, तेवढाच खोल. पाण्याने भरलेला माठ स्टुलावर ठेवून पाहिला, तर त्याने रेघ जेमतेम हलली.

म्हणजे माठापेक्षा मोठं, माझ्याएवढं काहीतरी रोज अकराला त्या खोलीतून जात होतं.

मला भीती वाटली का? खरं सांगायचं तर पहिल्यांदा नाही वाटली. शब्दकोड्यातली एक ओळ अडल्यावर वाटतं तसं वाटलं. रेघ खाली गेली की मी मान वर करून खोलीकडे बघायची. दिवाण, टेबल, कपाट, खुर्ची. बाहेर कबुतरं घुमत असायची, रस्त्यावर भाजीवाला ओरडायचा. खोलीत काहीही नसायचं. फक्त एकदा, रेघ वर आल्यावर थोड्या वेळाने, आरामखुर्चीचा वेत कुरकुरला. तो उन्हानेही कुरकुरतो, असं मी स्वतःला सांगितलं आणि फाइल पूर्ण केली.

४

निनादने सांगितलेलं मी नीट डोक्यात घेतलं होतं. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत दोरी ताणली आहे असं समजायचं. त्या दोरीला कोणी आडवं आलं की रेघ पडते. मग लॅपटॉप रोज नव्या जागी ठेवला की जाणारा कुठून जातो ते कळणार. लोक भरतकाम शिकतात, मी हे करत बसले.

थोड्या दिवसांत वाट हाती आली. झोपायच्या खोलीच्या दारातून निघायचं. दिवाणाच्या कडेने यायचं. टेबलाच्या कोपऱ्याशी थांबायचं, मग वळसा घालून कपाट, मग आरामखुर्ची. तिथे बराच वेळ थांबायचं आणि मग संपायचं.

हे कागदावर काढलं आणि त्या दिवशी प्रथमच मला भीती वाटली. भुताखेतांच्या गोष्टी मी ऐकलेल्या आहेत. ती भिंतीतून जातात. हे जे काही होतं, ते फर्निचर चुकवत जात होतं. ते फर्निचर आमचं होतं.

तरी खोड जात नाही. दुसऱ्या दिवशी मी टेबल वीतभर पुढे सरकवलं, त्या वाटेवर. लॅपटॉप असा ठेवला की दोरी टेबलाच्या कोपऱ्यावरूनच जाईल, आणि बसून राहिले. अकराला रेघ पडली. रोजच्यासारखी जराशी थांबून वर आली नाही, तिथेच राहिली. टेबलावर स्टीलचा पेला होता, तो किणकिणला. खालून ट्रक गेला असेल म्हणून मी खिडकीतून बघितलं. रस्त्यावर एक सायकलरिक्षा तेवढी होती. मी उठून टेबल पुन्हा जागेवर ओढलं.

संध्याकाळी उमाकांत आले आणि पायजमा घालताना त्यांच्या मांडीवर बाहेरच्या बाजूने काळानिळा डाग दिसला.

"हे काय लागलं?"

"कोण जाणे. ऑफिसात खुर्चीत बसलो होतो, एकदम कळ आली."

डाग बरोबर टेबलाच्या उंचीवर होता.

५

त्या दिवसापासून मी रेघेऐवजी माणसाकडे बघायला लागले. इतकी वर्षं संसार केला आणि जे दिसायला हवं होतं ते आत्ता दिसलं. उमाकांत खोलीतून जाताना टेबलाच्या कोपऱ्याला बोटं लावतात आणि मगच वळतात. पेपर हल्ली मला मोठ्याने वाचायला लावतात. स्कूटर पुसून झाकून ठेवली आहे आणि ऑफिसला शेजारच्यांच्या गाडीतून जातात, म्हणे पेट्रोल वाचतं.

अकराला रेघ टेबलाच्या कोपऱ्याशी पडली तशी मी त्यांच्या ऑफिसचा नंबर फिरवला. त्यांच्या टेबलावरच फोन आहे. बऱ्याच रिंग झाल्यावर त्यांनी उचलला.

"विभा? एक मिनिट थांब."

मी रिसीव्हर कानाला लावून रेघेकडे बघत राहिले. फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. रेघ वर आली. मागे आरामखुर्चीचा वेत कुरकुरला.

"हं, बोल आता," उमाकांत म्हणाले.

"काय करत होतात?"

"काही नाही गं. संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी त्यांनी सांगितलं. काचबिंदू. भुसावळलाच निदान झालं होतं. कडेचं सगळं गेलं आहे, मधलं थोडं उरलं आहे, तेही जाणार. "तुला काळजी नको म्हणून बोललो नाही," म्हणाले. मला रागही आला आणि रडूही आलं. मी आधी रागावून घेतलं.

"म्हणजे तुम्ही मला परकी समजता."

"तसं नाही गं. मी तयारी करतोय. रोज अकराला चहा झाला की केबिनचं दार लावतो, डोळे मिटतो आणि मनातल्या मनात आपल्या घरात एक चक्कर मारतो. पलंगावरून उठायचं, दिवाण, टेबलाचा कोपरा, कपाट, खुर्ची. पुढे डोळे गेले तरी घर पाठ असलं पाहिजे. म्हणून तर सगळीकडे एकसारखं लावतो."

"आणि मी फोन केला तेव्हा?"

"तेव्हा टेबलापाशी होतो. मला तिथेच सोडून तुझ्याशी कसा बोलणार? आधी खुर्चीत जाऊन बसलो, मग डोळे उघडले. अर्ध्यात उघडले ना, तर दिवसभर आपलं काहीतरी तिथेच राहून गेल्यासारखं वाटतं." आणि स्वतःशीच हसले. "म्हाताऱ्या माणसाचे खेळ."

मी त्यांना रेघ दाखवली. लॅपटॉपला नाक लावून त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "छान आहे, पण तुझ्या त्या निनादला सांग, जुनंच फर्मवेअर बरं होतं." त्यांना ते पटलं नाही.

६

खरं तर आता मला बरं वाटायला हवं होतं. घरात फिरतं ते माझंच माणूस. काही दिवस वाटलंही. अकराला रेघ पडली की मी वाटेतली चप्पल बाजूला करायची, टेबलाजवळची खुर्ची आत ढकलायची. आपलं माणूस येतंय म्हटल्यावर करतोच ना आपण.

मग एक दिवस रेघ आरामखुर्चीपाशी थांबली नाही. मी लॅपटॉप घेऊन दुसऱ्या दिवशी पलीकडे गेले, गॅलरीच्या दाराशेजारच्या कोपऱ्यात ठेवला. दोरी आता दारावरून आडवी जात होती. अकरा वाजून गेले आणि रेघ पडली. दारातच. जरा वेळाने वर आली. त्या दारापुढे चार फरशा होत्या, मग ती दोरी, मग खाली खंडेलवालजींच्या गाडीची सिमेंटची जागा.

उमाकांत संध्याकाळी चपला काढायच्या आत मी विचारलं, "तुम्ही खुर्चीच्या पुढे जाता का हल्ली?"

ते चपापले. "हो. म्हणजे, हात धुवायला मागच्या दारी. डोळे मिटले की मला भोपाळचंच घर दिसतं. अंगणातल्या नळापर्यंत जमलं की झालं."

"इथे नळ नाही. अंगण नाही. कठडासुद्धा नाही. तिकडे मनातसुद्धा जायचं नाही."

"मनात जाऊन काय होणार आहे?"

मी त्यांच्या मांडीकडे बोट दाखवलं. तिथला डाग अजून गेला नव्हता. ते म्हणाले, "बरं. नाही जात." मी गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. कुलपाचा उपयोग किती, ते मला माहीत होतं. त्यांनी पाठ केलेल्या घरात ते दार उघडं होतं.

७

दुसऱ्या दिवशी टायपिंगच्या एजन्सीने ऑफिसात बोलावलं. टाळता येण्यासारखं नव्हतं. लॅपटॉप गॅलरीच्या दाराशी चालूच ठेवून मी निघाले. अकराच्या आत परत येईन असा हिशेब होता, आणि येतही होते. सोडाल्याच्या चौकात कुठली तरी मिरवणूक आडवी आली, आणि ऑटो जागच्या जागी अडकला.

"भैया, और कितनी देर लगेगी?"

"अब तो भगवान जाने, बहनजी," ऑटोवाला म्हणाला आणि त्याने इंजिन बंद केलं.

मी उमाकांतना मोबाइल लावला. उचलला नाही. ऑफिसचा फोन वाजत राहिला. केबिनचं दार लावून ते बसले असणार. काल त्यांनी शब्द दिला होता. पण पाय ज्या वाटेला लागलेले असतात तिथे ते शब्दाला विचारून जात नाहीत, हे मला ठाऊक होतं. बँड अगदी कानाशी वाजत होता. उतरून धावले असते तरी वेळेत पोचणं शक्य नव्हतं.

म्हणून मी डोळे मिटले.

दुसरं काही सुचलं नाही. मनातल्या मनात खंडेलवालजींचं फाटक उघडलं. जिना चढले, मधली तुटकी पायरी सांभाळून. कुलूप काढलं. दिवाण, टेबल, कपाट. आरामखुर्ची ओलांडून गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून, बाहेर तोंड करून, कारण आत वळून त्यांना येताना बघायची माझी हिंमत नव्हती. समोर ती दोरी दिसत होती. एका गाठीत कबुतराचं पीस अडकलं होतं. बँडचा आवाज ऐकू येईनासा झाला. मागे कपाटाच्या काचेला बोटं लागल्याचा आवाज आला. मग कुणीतरी चाचपडत माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवतात तसा.

मोबाइल वाजला आणि मी दचकून डोळे उघडले. ऑटो सुरू झाला होता.

"विभा," उमाकांत म्हणाले. आवाज घाबरा होता. "माझ्याकडून आज पुन्हा तिकडेच... तू दारात उभी होतीस का? पाठमोरी?"

"होते."

"तुझ्या खांद्याला हात लागला, म्हणून मागे फिरलो. खुर्चीत बसलो, मग तुला फोन केला."

मी ऑटोत रडायला लागले. ऑटोवाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं. माझा माणूस वाचला होता.

८

घरी आले. बाहेरचं कुलूप जसंच्या तसं होतं, गॅलरीचंही. गॅलरीचं दार उघडून बघितलं. दोरीच्या गाठीत कबुतराचं पीस होतं. ते मी आधी कधी पाहिलं होतं की नाही, हे मला अजून आठवत नाही.

मग लॅपटॉपवरची रेघ बघितली. अकराच्या आसपास ती एकदा खाली गेली होती. ती मी. मग आणखी खाली, आजवर कधी गेली नव्हती इतकी. तेव्हा दोघं होतो. मग ती अर्धी वर आली. ते परत फिरले आणि खुर्चीत जाऊन बसले.

उरलेली अर्धी ती वर आलीच नव्हती. मी बघत होते तेव्हाही ती खालीच होती. राउटर बंद करून चालू केला, फर्मवेअर पुन्हा टाकलं, निनादला विचारून सगळ्या सेटिंग्ज पहिल्यासारख्या केल्या. रेघ सुरू होते ती खालूनच. मी फोन उचलायला डोळे उघडले होते, दारातून परत न येता.

तेव्हापासून रोज प्रयत्न करते. डोळे मिटते, जिना चढते, कुलूप काढते, टेबलाला वळसा घालते. तिथवर सगळं जमतं. मग गॅलरीच्या दारात ती दिसते. चौकटीला हात लावून, बाहेर तोंड करून. साडीही त्या दिवशीचीच. ती मी आहे हे मला कळतं, पण मला ती होता येत नाही. मी तिच्या मागे उभी राहते. हाक मारायला धजत नाही, कारण हाक मारली तर ती कुठल्या बाजूला पाऊल टाकेल याची मला खात्री नाही. मग तशीच मागे येते आणि दिवाणावर बसल्यावरच डोळे उघडते.

उमाकांतना यातलं काही बोलले नाही. त्यांनी चक्कर मारणं सोडलं आहे. दगडी जाळी एकदाची बसली. डोळे मात्र डॉक्टर म्हणाले त्याच्याही आधी गेले. आता ते घरीच असतात आणि घर त्यांना खरोखर पाठ आहे. कुठे अडत नाहीत, कुठे आपटत नाहीत.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. ते वाऱ्याला म्हणून गॅलरीकडे निघाले. दिवाण, टेबलाचा कोपरा, कपाट. दारापाशी थांबले, हात पुढे करून चाचपडले आणि हसून म्हणाले,

"विभा, जरा सर ना. किती वेळ उभी राहशील?"